बाकीच्यांच्या रांगेतला नवरा

शालन मुळीक यांनी अखेर आपल्या नवऱ्याला ओळखलं. विट्यातल्या त्यांच्या घराच्या फाटकापाशी, दिवेलागणीच्या जरा आधी, डोक्यावरचा पदर सारखा करत त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि ओळखलं. शेजारच्या हौसाक्का साक्षीला होत्या, म्हैस होती, आणि स्मृती केंद्राचा चालक रेवण साळुंखे तर हातात यंत्र घेऊनच हजर होता.

हे घडलेलं नाही. केंद्राच्या दप्तरात तसं स्पष्ट लिहिलं आहे: असा बदल नियमात बसत नसल्यामुळे तो झालेला नाही. रेवणही आता कुणी विचारलं की त्या संध्याकाळी आपण जत्रेला गेलो होतो म्हणून सांगतो, आणि त्या दिवशी सगळ्या तालुक्यात कुठंच जत्रा नव्हती. तेव्हा ते झालं नाही असंच धरून चालावं, आणि त्याच दिवशीच्या सकाळकडे वळावं.

त्या सकाळी जालिंदर मुळीक स्वतःच्याच घराची कडी वाजवून बाहेर उभे होते. हातात पान्यांची पिशवी होती. कुठला पाना कशाला लागतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. पिशवी हौसाक्कांच्या जावयाची होती.

"कोन हाय?" आतून शालनचा आवाज आला.

"टीव्हीवाला."

"टीव्हीला काय झालंय?"

"बंद पडलाय म्हणून फोन आलावता."

"कुणी केलता?"

"तुम्हीच."

दारामागं कडी सरकली. मग, "केला आसंल बाई," असं स्वतःशीच म्हणत तिनं दार उघडलं. "चपला भाईर काढा. आन् सोप्यातच बसायचं, आत यायचं न्हाई."

अख्ख्या संसारानंतर जालिंदरतात्यांना सोप्यापर्यंत मुभा होती.

ते बसले. टीव्हीचं मागचं झाकण उघडलं आणि आत बघत राहिले. टीव्ही धडधाकट होता, त्यामुळे काम लवकर संपण्याची भीती नव्हती. शालननं कोऱ्या स्टीलच्या पेल्यात चहा आणून पेला खाली जमिनीवर ठेवला. कपबशी घरच्यांना. पेला टीव्हीवाला, मीटर बघायला येणारा, लग्नाची पत्रिका द्यायला आलेला अनोळखी माणूस यांना. तात्यांनी हा नियम घरात स्वतःच्या डोळ्यांनी कितीदा पाहिला होता. फक्त पेल्याच्या बाजूनं कधी पाहिला नव्हता.

शालनच्या उजव्या कानामागं टिकलीएवढी एक स्मृतिपट्टी चिकटवलेली होती. विसरण्याचा आजार जडलेल्या माणसांना आता सरसकट तीच बसवत. पट्टी आजार बरा करत नाही. फुटलेल्या पाटाच्या शेजारून दुसरा पाट काढून पाणी पुढं न्यावं, तेवढंच ती करते: मेंदूतून गळायला लागलेल्या आठवणी गळायच्या आत उचलून ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणून देते. सकाळी उठून चूल कुठं आहे, मुलगी कोण, म्हशीला पेंड किती, हे सगळं शालनला पट्टी देत होती, आणि इतकं बेमालूम देत होती की आपल्याला काही झालंय हे शालनला पटतच नसे.

सुरुवातीच्या काळात या पट्टीचा फार घोटाळा झाला. कुणीही यायचं, "मामी, मी तुमचा भाचा" म्हणायचं, आणि म्हातारीकडून दागिने कुठं पुरलेत ते आठवून घ्यायचं. मग कायदा आला. प्रत्येक आठवणीला खिट्ट्या बसल्या.

खिट्ट्या म्हणजे काय हे रेवणनं केंद्रात शालनला आणि तात्यांना समोरासमोर बसवून समजावलं होतं. रेवण पस्तिशीचा, पोट सुटलेला, सगळ्यांना काका-काकी नाहीतर तात्या म्हणणारा माणूस. खरं तर त्याला बँकेत लागायचं होतं.

"तीन रांगा समजा, काकी," तो म्हणाला होता. "पहिली मालकाची. जिची आठवण, ती मालक. दुसरी गोतावळ्याची, म्हणजे तुम्ही सांगाल ती माणसं. तिसरी बाकीच्यांची. आणि रांगेत खिट्ट्या तीन. एक वाचायची, एक लिहायची, एक चालवायची."

"आठवण चालवायची म्हंजे? सायकल हाय का ती?"

"पुरणपोळी आठवली, हे वाचणं. उठून पुरण वाटायला बसलात, हे चालवणं. आणि काल पोळी करपली हे त्या आठवणीत जाऊन बसलं, हे लिहिणं."

"माझी करपत न्हाई."

"मग लिहायची खिट्टी बंद ठेवू," रेवण म्हणाला, आणि शालन पदर तोंडाला लावून हसली होती.

पुढचा नियम सोपा होता. ज्याचा चेहरा समोर, त्याची मागणी. पट्टी चेहरा बघते, तो कुठल्या रांगेतला ते शोधते, आणि त्या रांगेच्या खिट्ट्या उघड्या असतील तरच त्या माणसाची आठवण बाहेर काढते. बाकीच्यांच्या रांगेत, सुरक्षेसाठी म्हणून, तिन्ही खिट्ट्या बंद.

आणि गोतावळ्यात कोण, हे मालकानं स्वतःच्या तोंडानं, साध्या बोलण्यात, प्रत्येकाचं नाव घेऊन सांगायचं. बाजूच्यानं सुचवायचं नाही. कायदा करणाऱ्यांनी खूप विचार करून हे कलम घातलं होतं. त्यांच्यात खानापूर तालुक्यातली एकही बाई नव्हती.

शालननं भराभर नावं सांगितली. मुलगी सोनल. शेजारच्या हौसाक्का. दूध घालायला येणारा नामदेव. मग जरा थांबून, "चांदी."

"ही कोण?"

"म्हस."

रेवणनं नियमावली वरपासून खालपर्यंत वाचली. म्हशीला मनाई नव्हती. चांदी गोतावळ्यात गेली, तिच्या तिन्ही खिट्ट्या उघडल्या.

"आणि यांचं नाव?" रेवणनं शेजारी बसलेल्या तात्यांकडे न बघता विचारलं, कारण बघणं म्हणजे सुचवणं.

शालन लाजली. लग्न झाल्यापासून तिनं नवऱ्याचं नाव साध्या बोलण्यात कधी घेतलं नव्हतं. रेशन दुकानात नाही, दवाखान्यात नाही, मतदानाच्या केंद्रावरही नाही. तिथं तिनं बोटानं यादीत दाखवलं होतं.

"आमचं मालक," ती म्हणाली.

यंत्र म्हणालं, "मालक: शालन मुळीक. नोंद आधीच आहे."

"सोनलचं अप्पा."

"सोनल: नोंद आधीच आहे."

"काकी, नाव," रेवण म्हणाला. "नुसतं नाव. एकदाच."

शालननं इकडं तिकडं बघितलं, पदर घट्ट केला आणि एका दमात म्हणून टाकलं:

"सोनं गळतं सेलमला, धूर माझ्या डोळ्यांत,
जालिंदररावांचं नाव घेते पाहुण्यांच्या मेळ्यात."

केंद्रातल्या दोन बायकांनी टाळ्या वाजवल्या. रेवणनंही वाजवल्या. यंत्राच्या पडद्यावर मात्र अक्षरं आली: गाणी, ओव्या, उखाणे ग्राह्य नाहीत. या आजारात यमक जुळलेलं बोलणं सगळ्यात शेवटी विसरलं जातं. आपण काय बोलतोय हे कळेनासं झालं तरी माणूस कडवीच्या कडवी म्हणत राहतो. म्हणून कायदा पद्याला संमती धरत नाही.

"ऱ्हाऊ दे," तात्या म्हणाले होते. "लाजतीया ती. दोनचार दिवसांनी येऊ परत." आणि खरं सांगायचं तर त्यांना आतून बरंच वाटलं होतं. आजकाल कुठली बायको नवऱ्याचा एवढा मान ठेवते?

दोनचार दिवसांनी त्यांना सेलमहून फोन आला आणि ते निघाले.

तात्यांचा धंदा गलाईचा. जुनं सोनं-चांदी वितळवून, तेजाबात घालून शुद्ध करायचं. विट्याच्या आसपासच्या गावांतली पुरुषमंडळी या धंद्यापायी देशभर पांगलेली. तात्यांचं दुकान तमिळनाडूत, सेलमला. विसाव्या वर्षी गेले ते वर्षातून दोनदा घरी येत, यात्रेला आणि दिवाळीला. आता दुकान कायमचं आवरून पुतण्याच्या हाती द्यायचं होतं. दोनचार दिवसांचं काम होतं. भट्टी, गिऱ्हाइकं, पुतण्याचा आळस, असं करत ते पावसाळ्यापर्यंत लांबलं.

ते परत आले तेव्हा शालनचा आजार पुढं सरकला होता. आता तिला जे आठवायचं ते पट्टीतूनच. आणि पट्टीच्या लेखी फाटकात उभा असलेला, हातात पेटी घेतलेला हा माणूस बाकीच्यांपैकी एक होता.

तात्या हसत आत गेले. शालननं लाटणं उचललं.

सोनल पुण्याहून धावत आली. आईच्या शेजारी बसून म्हणाली, "आई, हे अप्पा आहेत." शालन पाहुणचाराच्या आवाजात म्हणाली, "आसतील बाई." आणि सोनलला आत नेऊन हळूच विचारलं, "ह्यो बाबा राती जानार हाय न्हवं?"

तेव्हापासून तात्या हौसाक्कांच्या गोठ्याशेजारच्या खोलीत राहत होते. चांदीला बांधायची जागाही तिथंच होती.

"म्हशीला आत घेतलीया, तुला न्हाई," हौसाक्का रोज सकाळी म्हणायच्या. "तिनं तुझ्यापरीस ज्यास्त दूध दिलंय, तात्या."

टीव्हीवाला व्हायची युक्ती सोनलची, पण मूळ बेत रेवणचा. केंद्रासमोरच्या टपरीवर त्यानं तात्यांना तो सांगितला होता.

"खिट्ट्या बदलणारं एक फंक्शन असतं. फंक्शन म्हणजे यंत्राला शिकवून ठेवलेलं एक काम. हाक मारली की तेवढं करतं, जास्त विचारत नाही."

"चांगला गुण हाय. माझ्या एकाबी कामगारात नव्हता."

"त्याचं नाव मुभाबदल. त्याला दोन गोष्टी सांगायच्या: कुणाच्या आठवणीची खिट्टी, आणि ती उघडायची का लावायची. कुणाची, हे काकींच्या तोंडून नावानं. तिथंच गाडं अडलंय."

"आन् आता तर तिला नावच ठाऊक न्हाई."

"ठाऊक आहे. कुलपात आहे." रेवणनं आवाज बारीक केला. "पण मुभाबदलला एक धाकटा भाऊ आहे, तात्या. त्याला नाव लागत नाही. आठवण आधीच उघडलेली असली, की तो ती हातात धरतो आणि तिच्याच खिट्ट्या फिरवतो. केंद्रात तो कुणी वापरत नाही. काढून टाकायचा राहिलाय."

"मग धर की!"

"मी काय धरू? उघडायला पाहिजे काकींनी. तुम्ही समोर गेलात तर पट्टी देत नाही. मी मागितली तर मीही बाकीच्यांतलाच. तुमचा चेहरा न बघता, कुणी न विचारता, त्यांना आपणहून तुमची आठवण यायला पाहिजे. तेवढ्यात मी यंत्र घेऊन जवळपास पाहिजे. एक आठवण धरली की तिच्यावरनं बाकीच्या ओढता येतील."

तात्यांना हायसं वाटलं. "मग काय अवघड हाय? आख्खा संसार पडलाय."

रेवणनं चहाचा घोट घेतला.

तर त्या दिवशी तात्या सोप्यात टीव्ही उघडून बसले होते आणि रेवण कुंपणापलीकडं, हौसाक्कांच्या ओट्यावर, कोथिंबीर निवडायचं सोंग करत यंत्राच्या पडद्याकडं बघत होता. शालनची जी आठवण उघडेल तिचं चित्र पडद्यावर उमटत होतं. दोघांच्या कानात एकमेकांशी बोलायचे खड्याएवढे फोन होते.

पहिला डाव सदऱ्याचा. सेलमच्या भट्टीवर घातलेला, तेजाबाचा वास मुरलेला सदरा हौसाक्कांनी गुपचूप शालनच्या दोरीवर टाकला होता. शालननं तो हुंगला.

"उघडली!" रेवण कुजबुजला.

"मी हाय?"

"साबणाचं दुकान आहे."

शालननं सदरा बादलीत घातला आणि घासून घासून धुतला.

दुसरा डाव लग्नाच्या फोटोचा. हौसाक्कांनी तो मुद्दाम पिठाच्या हातानं मळवून ठेवला होता. शालननं पदरानं काच पुसली. रेवणच्या पडद्यावर मांडव उमटला.

"फोटोग्राफर दिसतोय. दोनदा जेवायला बसलाय."

"आन् नवरदेव?"

"आहे. मुंडावळ्यांनी तोंड झाकलंय."

तिसरा डाव तात्यांना हमखास वाटत होता. दर गणपतीला ते सेलमहून तुपातला म्हैसूरपाक पाठवत. तसाच खोका मागवून त्यांनी तो फळीवर ठेवायला लावला होता. शालननं झाकण उघडलं, वास घेतला, आणि तिचा चेहरा असा उजळला की तात्यांच्या हातातला पाना टीव्हीत पडला.

"सोनल आहे, लहान आहे," रेवण सांगू लागला. "वडी चावताना तिचा दात पडलाय. काकी हसतायत. काकी फार हसतायत, तात्या."

"आन् मी?"

रेवणनं पडदा डोळ्यांजवळ नेला. "आहात."

"कुठं?"

"खोक्यावर. प्रेषक म्हणून."

तात्यांनी पाना बाहेर काढायचा प्रयत्न केला. तो कुठंतरी अडकला होता.

"दुसरं काहीतरी काढा," रेवण म्हणाला. "सोनलच्या जन्माच्या वेळचं?"

"सेलमला होतो."

"तुमची आई वारल्या तेव्हा?"

"पोचलो, पन माती झाली होती."

"घर बांधलं तेव्हा?"

"पैसं पाठवलं."

कुंपणापलीकडं कोथिंबीर निवडून संपली होती. आता रेवण निवडलेल्या काड्या परत जुडीत मिसळून पुन्हा निवडत होता.

दुपार कलली. शालन दोनदा येऊन बघून गेली. "दिसभर झालं, अजून सापडंना व्हय? का हाताला गुन न्हाई तुमच्या?"

"सामान जुनं हाय, बाई."

"मानूस शिकल्यालं पायजे," ती म्हणाली आणि आत भाकरी करायला गेली.

तात्यांना मग अगदी कंटाळा आला. राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांनी टीव्हीचं झाकण लावलं. टीव्ही आता खरोखरच बंद पडला होता. पिशवी उचलली, खांद्याला लावली. चपला घातल्या. आणि मग, आयुष्यभराची सवय म्हणून, तिकीट आहे का हे बघायला वरचा खिसा चाचपला, पुन्हा चाचपला, आणि घसा खाकरला.

आत भाकरी थापायचा आवाज थांबला.

"तात्या," रेवणचा आवाज चिरकला. "उघडली. मोठी आहे. तुम्ही आहात, पाठमोरे, पण तुम्हीच! हलू नका. नाही, हला! जाताय तसेच जात राहा!"

तात्यांनी सोप्याची पायरी उतरली. मागून पावलं आली.

"निघालासा?"

हा आवाज टीव्हीवाल्याशी बोलायचा नव्हता.

"जरा दमानं. दशम्या बांधते." ती आत गेली, आली. दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या नव्हत्या, आत्ताच थापलेली भाकरीच होती, पण तिनं ती दशम्या बांधाव्यात तशी फडक्यात बांधली, वर शेंगदाण्याच्या चटणीची पुडी खोचली. गाठ मारताना हात क्षणभरही अडला नाही.

"चालवतायत!" रेवण म्हणाला. "आठवण स्वतः चालवतायत. धरली मी. सावकाश जावा, तात्या, मला तीन खिट्ट्या फिरवायच्यात."

तात्या अंगणातून एवढ्या हळू चालले की बैलगाडीनंही त्यांना मागं टाकलं असतं. शालन दोन पावलं मागं होती. डोक्यावरचा पदर तिनं पुढं ओढला. फाटकाशी ती वळून समोर आली आणि त्यांच्याकडं बघितलं. तिनं त्यांना ओळखलं.

"गाडी मिळंल न्हवं नाक्यावर? पोचल्यावर फोन करा. आन् सोनलला काय सांगू? साळंतनं आली की ईचारंल."

"वाचायची उघडली," रेवण म्हणाला. मग, "चालवायची उघडली. आता लिहायची..."

एवढी एक खिट्टी राहिली होती. ती उघडली असती तर आजची संध्याकाळ त्या आठवणीला चिकटली असती, मग उद्याची, आणि त्यांच्यामागून हळूहळू सगळंच. हे तात्यांना माहीत होतं. रेवणनं त्यांना दहादा बजावलं होतं. पण शालनचा तो चेहरा बघितल्यावर तात्यांना राहवलं नाही. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले,

"शालन, मी जात न्हाई. आता कायमचा हितंच."

शालनच्या डोळ्यांतलं सगळं जागच्या जागी विझलं.

आठवण मिटली होती. रेवणच्या यंत्राचा दोष नव्हता, पट्टीचाही नव्हता. पिशवी खाली ठेवलेला जालिंदर शालनच्या कुठल्याच आठवणीत नव्हता.

"कोन तुम्ही?" ती म्हणाली. "हितं फाटकात काय करताय?"

"टीव्हीवाला."

"झाला व्हय टीव्ही?"

"न्हाई."

"मग उद्या या."

दुसऱ्या दिवशी मुख्य कार्यालयाच्या यंत्राला दिसलं की शालन मुळीक यांच्या एका आठवणीच्या दोन खिट्ट्या नाव न घेता हलल्या आहेत. असं होणं शक्य नसल्यामुळे ते झालेलं नाही अशी नोंद करण्यात आली. पण खबरदारी म्हणून एक उपाय केला गेला: शालनच्या पट्टीतल्या मुभाबदलची, दोन्ही भावांची, चालवण्याची खिट्टी लावून टाकली. म्हणजे आता खिट्ट्या बदलणारं कामच चालवायची कुणाला मुभा नव्हती.

रेवणनं फोन केला. पलीकडचा माणूस काहीतरी खात होता.

"मुभाबदलची खिट्टी लागलीय, साहेब. उघडायची कशी?"

"मुभाबदलनं."

"ते चालत नाही."

"कारण त्याला मुभा नाही."

"ती कोण देणार?"

"मुभाबदल," तो माणूस म्हणाला. तो चिडला नव्हता. उलट, एवढं सोपं उत्तर देता आल्यामुळे जरा खूशच वाटला.

तेव्हापासून तात्यांचा दिनक्रम ठरून गेला आहे. दुपारी ते टीव्हीवाला म्हणून येतात, पेल्यात चहा पितात, आणि संध्याकाळी खिसा चाचपून निघतात. खिसा चाचपल्यापासून फाटकापर्यंत त्यांना बायको असते. अंगण फार मोठं नाही. घर बांधताना आपण गावात असतो तर पुढं आणखी जागा सोडायला लावली असती, असं त्यांना आता वाटतं.

आठवण वाचता येते, चालवता येते, पण तिच्यात काही लिहिता येत नाही. त्यामुळे रोज तीच गाडी, तोच नाका, तीच शाळेतून यायची असलेली सोनल, जी परवाच पुण्यात कार्यालयप्रमुख झाली. एकदा तात्यांनी निराळं उत्तर देऊन पाहिलं. सोनलला काय सांगू, असं तिनं विचारल्यावर म्हणाले, "सांग, अप्पा लौकर येतील."

"कवा?" शालननं विचारलं. आणि त्यांच्याकडं अशी बघत राहिली की तात्यांनी पाऊल उचललं आणि गेले.

दिवसातून दोनदा जा की, असं हौसाक्कांनी सुचवलं. तात्यांनी एक दिवस तीनदा जाऊन पाहिलं. तिसऱ्या वेळी शिदोरी करताना शालनचा हात गुडघ्यावर गेला, ती चौकटीला धरून उभी राहिली, तरी पीठ मळून झाल्याशिवाय थांबली नाही. तेव्हापासून ते एकदाच जातात.

"जन्मभर परदेसात ऱ्हाऊन एवढ्या दशम्या खाल्ल्या नसशील," हौसाक्का म्हणतात.

तात्या गोठ्याशेजारच्या खोलीत बसून फडकं सोडतात. पोचल्यावर फोन करा, असं तिनं सांगितलेलं असतं. पहिले काही दिवस त्यांनी केलाही. शालन फोन उचलायची, "कोन बोलतंय?" विचारायची, आणि ते म्हणायचे, "पोचलो." मग ती म्हणायची, "राँग नंबर हाय," आणि तरीही लगेच ठेवायची नाही. हे त्यांना फार जड जाऊ लागलं, म्हणून त्यांनी ते सोडलं.

शेवटी अर्ज करायचं ठरलं. रेवण लिहायला बसला, पण आधीच म्हणाला, "तात्या, असा अर्ज मालकानं करायचा असतो, तुमचं नाव घेऊन. तुमचा जाईल, पण तिकडं उघडणार नाही."

"जाऊ दे," तात्या म्हणाले. "जायची सवय हाय."

प्रति,
मा. मुभा अधिकारी, स्मृती विभाग,
(पद रिक्त असल्यास संबंधित यंत्र).

विषय: एका ओळीपुरती लिहिण्याची मुभा मिळणेबाबत.

महोदय / यंत्र,

वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक कळविण्यात येते की, अर्जदार श्री. जालिंदर मुळीक हे सौ. शालन मुळीक यांचे पती असून सध्या बाकीचे या वर्गात मोडतात. न घडलेल्या घटनेनंतर अर्जदारास त्यांच्या पत्नीच्या एका आठवणीत वाचणे व चालवणे या मुभा प्राप्त आहेत. सदर आठवणीत अर्जदार घरातून निघून जातात. पुढे काय झाले याची नोंद सदर आठवणीत नाही व इतरत्रही आढळून येत नाही.

अर्जदार अन्य कोणत्याही आठवणीवर हक्क सांगत नाहीत. मागील दुरुस्ती, भरपाई अथवा म्हशीइतका दर्जा यांची मागणी नाही. सबब, सदर आठवणीच्या अखेरीस 'मग ते फाटकातून मागे फिरले आणि घरात आले' एवढाच मजकूर एकदा लिहिण्याची मुभा द्यावी, ही नम्र विनंती.

अर्जदार दररोज संध्याकाळी निघत असल्याने निर्णय त्यापूर्वी कळवावा.